शतांश

सॉनाबाहेरची कपडे बदलायची खोली
तीस वर्षं इल्मोच्या प्रेसची होती.
आता माझी आहे. मी मागितली नव्हती.

मार्चमध्ये त्याच्या डोक्यात एक शीर फुटली
आणि सगळ्या भाषेतून तीनच शब्द वाचले:
हो, नको, कॉफी.
सप्टेंबर सरताना ओइवा दारात येऊन म्हणाला,
मूसच्या शिकारीला यंदा तुमचं घर धरायचं का?
मी म्हणाले, धरा.

चाळीस काडतुसं.
पितळी कवचं धुतली, कापली, गळे आतून पुसले,
वहीत लिहिल्याबरहुकूम दारू तोलली,
एकेका तोंडावर एकेक गोळी उभी करून
दांडा खाली ओढला.
मग कॅलिपर.
७१.१२. ७१.३०. ७०.९४. ७१.२१.
एकाच दांड्याखालून गेलेली भावंडं,
आणि कुणाचा कुणाशी मेळ नाही.

वही म्हणते: फरक दोन शतांश. फार तर तीन.
वही पुढे काही म्हणत नाही.
ज्याला सगळं माहीत असतं तो कशाला लिहितो.

डाय उघडली. दट्ट्याच्या खोबणीत
शिशाचा बारीक कपटा, मेणचट काजळी.
वाटलं, सापडला चोर.
पुसलं. पुन्हा पाच भरली. पाचांच्या पाच तऱ्हा.
चाकी ढिली असेल म्हणून आवळली.
मीच कधी हिसक्यानं ओढत असेन म्हणून
श्वास मोजत ओढलं.
बाक डुगडुगत होता, त्याला पाचर दिली.
नाकी नऊ आले.

तो दाराशी खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी,
डावं बोट उचलून नाकाच्या शेंड्याला लावतो:
नको.
मी रुमाल काढून नाक पुसते.
नको.
थंडी वाजते? नको.
कॉफी?
इथं जरा थांबतो, कारण ती खरंच हवी असते.
नको.
पुन्हा बोट नाकावर. पुन्हा माझा रुमाल.
नाक लालभडक झालं त्याचं,
आणि डोळ्यांत तो जुना राग,
मी नट उलटा फिरवताना पाहून यायचा तो.

शेवटी त्यानं माझंच नाक धरलं.
शेंडा चिमटीत दाबला: नको.
मग बोट घसरवत आणलं गालावर,
जिथं गोलाई भरते तिथं,
आणि टेकवून ठेवलं.
हो.

बाहेर बर्चची पानं गळत होती, मला ऐकू येत होती.
मी हातातल्या गोळीकडे पाहिलं.
मऊ शिशाचं टोक.
डब्यात घरंगळून, एकमेकींवर आपटून
एकीचं चपटं, एकीचं वाकडं, एकीचं टवका गेलेलं.
दोन दिवस मी माणसांची उंची मोजत होते
टोप्यांसकट.

खणात गोळ्यांची, खोकल्याच्या, एक डबी आहे.
तिच्यात भोक पाडलेला एक नट.
मी तो एकदा पडद्याच्या दोरीला
वजन म्हणून बांधला होता
आणि इल्मो अख्खी संध्याकाळ बोलला नव्हता.
नट काडतुसावर ठेवला. गालावर अचूक बसला,
जिथं गोळी नळीतल्या आट्यांना पहिल्यांदा भेटते तिथं.

चाळिसातली सदतीस, दोन शतांशांच्या आत.
पाचर, चाकी, काजळी, यातलं काय उपयोगी पडलं
आणि काय नाही, देव जाणे.
उरलेली तीन मात्र खरोखर वेगळी.
कवचं जुनी, वापरून वापरून गळे कडक झालेले;
गोळी आत जाताना अडत होती,
हाताला कळलं होतं आणि मी तरी ओढलं होतं.
ती बाजूला ठेवली. सोमवारी उकलीन.

ओइवाला फोन केला: शनिवारी येते, बंदूक मीच आणते.
तो गप्प झाला, मग म्हणाला, बरं.

इल्मोला वही दाखवली.
त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर:
गालापासून मोजणे.
हो, म्हणाला. मग: कॉफी.
मग पुन्हा बोट नाकाकडे गेलं.
मी खुर्ची ओढून समोर बसले,
आता आणखी काय शिकवतोय म्हणून.

या वेळी ते खरंच वाहत होतं.